तुस्कानो वाडीस सादर अभिवादन

दहा फूट पाइप बदलायचा होता. या गोष्टीत पुढं जे जे घडलं त्याच्या मुळाशी एवढंच होतं, हे आधीच लक्षात ठेवलेलं बरं. कारण पुढं पुढं खुद्द कृतिकाच्याही ते लक्षात राहिलं नाही.

भुईगावातल्या राऊतांच्या वाडीत केळी होती, सोनचाफा होता आणि पानवेलीच्या चार ओळी होत्या. या सगळ्यांना पाणी बावखलाचं. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. हे बावखल अर्धं राऊतांचं आणि अर्धं शेजारच्या तुस्कानोंचं होतं. त्यातलं नेमकं कुठलं अर्धं कुणाचं, हे पाण्याला ठाऊक नसल्यामुळं पणजोबांनी वाटणी वारांवर केली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार राऊतांचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार तुस्कानोंचे. रविवारी बावखलाला सुट्टी. रविवारी तुस्कानो मिस्साला जात. राऊत काही मिस्साला जात नसत, पण शेजारी देवाच्या दारात असताना आपण मागं पाणी ओढणं बरं दिसत नाही, म्हणून तेही ओढत नसत.

एप्रिलातल्या एका सोमवारी कृतिकानं पंप लावला. पंप वाजला, पाणी आलं नाही. गोखिवऱ्याहून देवेंद्र प्लंबर आला. त्यानं जमिनीवर ओणवं होऊन, डॉक्टर छातीला लावतात तसा कान लावला आणि निदान केलं.

"पाइप फुटलाय, ताई. पण आपल्या हद्दीत नाही, पलीकडं. त्यांच्या कोंबड्यांच्या खुराड्याखाली. त्यांना विचारा. दोन तासांचं काम आहे."

काम दोन तासांचंच होतं. घोडं अडलं ते 'विचारा' या शब्दापाशी.

कृतिकाचे वडील नरहरी राऊत यांना जाऊन त्या दिवशी चोवीस दिवस झाले होते. कृतिका ठाण्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. रजा काढून आईपाशी राहिली होती. बाबा गेले तेव्हा सारं भुईगाव येऊन गेलं. सांडोरहून केळीवाले आले, अर्नाळ्याची मासळीवाली टोपली बाहेर ठेवून आत येऊन बसली. तीस पावलांवर राहणारा ऑस्कर तुस्कानो तेवढा आला नाही. त्याची बायको इनेझ पहिल्या सकाळीच आली, दिवसभर कृतिकाच्या आईच्या, मनोरमाबाईंच्या शेजारी बसली, आल्यागेल्यांचा चहा तिनंच केला. नवऱ्याबद्दल तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

हे एक वेळ कृतिकानं गिळलं असतं. पण दुसऱ्याच दिवशी ऑस्करनं दोन वाड्यांमधल्या भिंतीलगत एक बांबू उभा केला आणि त्याला काळं फडकं बांधलं. तेही शेंड्याला नाही, मधेच, अर्ध्यावर. बुजगावणंसुद्धा या माणसाला धड करता येत नाही, असं तिच्या मनात आलं. कावळ्यांनी मात्र त्यात काही कमी मानलं नाही. दहाव्याच्या दिवशी बावखलाच्या काठावर पिंड ठेवले, तेव्हा सगळे कावळे पलीकडच्या माडावर बसून त्या फडक्याकडं बघत राहिले. मनोरमाबाईंनी पिंडाला सांगितलं की मी रक्तदाबाची गोळी वेळेवर घेईन. धाकट्या भावानं, कौस्तुभनं सांगितलं की वाडी विकणार नाही. कृतिकाला काय सांगावं ते कळेना, कारण बाबांचं काय राहून गेलं होतं ते तिला माहीत नव्हतं. दीड तासानं भटजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा करून वेळ भागवली.

कौस्तुभ तेराव्यानंतर बंगळूरला परत गेला. तिथं त्याची पिंडाशी केलेली बोली जरा सैल झाली. फोनवर तो म्हणाला, वाडी हिरवी आहे तोवर राहू दे, वाळली की बघू. पानवेल उन्हाळ्यात पाण्यावाचून आठ-दहा दिवस टिकते. म्हणजे त्या दहा फूट पाइपावर काय लटकलं होतं, हे कृतिकाला नीट ठाऊक होतं. तरी ऑस्करच्या दारात जाऊन 'विचारायला' तिचे पाय तयार नव्हते. ज्यानं बाबांना शेवटचं पाहिलं नाही, त्याच्यापुढं पाइपासाठी तोंड वेंगाडायचं?

अशा वेळी सल्ला मागावा लागत नाही, तो येतो. निवृत्त मुख्याध्यापक एडवर्ड सर सकाळच्या फेरीला निघाले होते. ते फाटकावर रेलले. त्यांचं म्हणणं असं पडलं की तोंडी विचारलं की माणूस तोंडी नाही म्हणतो. त्यापेक्षा लेखी ना हरकत मागावी. पण ना हरकत मागायची तर आधी तो पाइप सरकारदरबारी आहे, हे सिद्ध करावं. कृतिकाला हा सल्ला फार आवडला, कारण त्यात ऑस्करचं तोंड बघावं लागत नव्हतं.

ती एका कचेरीत गेली. कुठल्या, ते सांगत नाही. तिथं तिला बसायला खुर्ची मिळाली होती, त्या उपकाराला जागलं पाहिजे. तिथल्या कारकुनानं बराच शोध घेऊन सांगितलं की दप्तरात पाइप नाही. दप्तरात बावखलही नाही. दप्तरात आहे तो 'खड्डा, पाणी साचलेला'. साचलेल्या पाण्याच्या खड्ड्यावर दोनच उपाय असतात, बुजवणं किंवा डासांसाठी धूर सोडणं. कृतिका घाबरून म्हणाली, बुजवू नका. मग त्यानं एक अर्ज पुढं केला. अर्जाखाली तिनं लिहिलं, 'तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.' हे वाक्य तिनं जन्मभर अर्जांच्या तळाशी पाहिलं होतं. त्यातून कधी काही घडल्याचं पाहिलं नव्हतं. म्हणून तर ते लिहायला तिला काही वाटलं नाही.

कार्यवाही गुरुवारी सकाळी आली. दोन माणसं खांद्यावर यंत्रं घेऊन आली आणि त्यांनी बावखलावर इतका धूर सोडला की माड दिसेनासे झाले. वारा पश्चिमेचा होता. धूर इमानानं ऑस्करच्या खुराड्यात शिरला.

दुपारी, भिंतीवर टांगलेल्या बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात एक पाकीट आलं. आत टाइप केलेला कागद होता.

'तुस्कानो वाडी राऊत वाडीस सादर अभिवादन करते आणि कळवण्याचा मान घेते की, आज गुरुवारी, म्हणजे तुस्कानो वाडीच्या वारी, राऊत वाडीच्या विनंतीवरून आलेल्या दोन इसमांनी सामायिक बावखलावर धूर सोडला. अकरा कोंबड्या अस्वस्थ आहेत. तुस्कानो वाडी याबद्दल तीव्र निषेध नोंदवते, आणि राऊत वाडीस आपल्या परमोच्च आदराची पुनश्च ग्वाही देण्याची ही संधी साधते.'

खाली सही नव्हती. माडाचं चित्र असलेला एक गोल शिक्का होता. कृतिकानं कागद तीनदा वाचला. एका दमात निषेध आणि परमोच्च आदर कसा काय बसतो, हे तिला उमगेना. मनोरमाबाई वाल सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"आला का? कपाटात खालच्या खणात फाइल आहे, तिच्यात लाव. तीनशे अकरावा असेल."

नरहरी राऊतांनी चौतीस वर्षं मुंबईतल्या एका परदेशी वकिलातीत कारकुनी केली होती. त्या देशाची लोकसंख्या विरारपेक्षा कमी होती, पण वकिलातीचा दरारा लोकसंख्येवर नसतो. निवृत्तीनंतर वर्षभर ते वाडीत नुसते फिरत असत. मग अकरा वर्षांपूर्वी एका शुक्रवारी दिवसभर वीज गेली, पाण्याचा वार फुकट गेला, आणि नरहरींनी रविवारी पंप लावला. मिस्साहून परतलेल्या ऑस्करनं भिंतीवरून एकच शब्द उच्चारला, "करारभंग." ऑस्करनं हयात जहाजावरच्या भटारखान्यात घालवली होती, हा शब्द त्यानं कुठल्या बंदरावर उचलला, देव जाणे. नरहरी दुखावले. पण मनोरमाबाईंचं म्हणणं, की त्याच वेळी त्यांच्या चेहऱ्यावर वर्षभरात पहिल्यांदा तेज आलं. संध्याकाळी त्यांनी खुलासा करणारा खलिता लिहिला. सोमवारी त्याला उत्तर आलं. तेव्हापासून दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत.

कृतिका सणावाराला यायची आणि जायची. तिनं याला वैर समजून सोडून दिलं होतं. आता फाइल पाहिली तर तीनशे दहा खलिते. फणसाच्या फांदीबद्दल, नाताळातल्या लाउडस्पीकरबद्दल, गणपतीतल्या लाउडस्पीकरबद्दल. आणि एक पूर्ण वर्ष एका कोंबडीच्या नागरिकत्वाबद्दल.

फाइलीखाली बाबांच्या हातची एक जाड वही निघाली: 'राजनयातले शब्द, व्यवहारी अर्थासह'. कृतिकानं ती उभ्यानंच वाचायला घेतली.

'यथास्थिती: जे चाललं आहे ते चालू द्यावं, कारण दोघांनाही दुसरं काही सुचत नाही.'

'अग्राह्य व्यक्ती: जिला कारण न सांगता परत पाठवता येतं. पाहुण्यांना लागू करून पाहिलं. मनोरमेनं अडवलं.'

'सदिच्छा मध्यस्थी: यात मध्यस्थ चहा ठेवतो, मत देत नाही. उदा. मनोरमा व इनेझ.'

'विश्वासवर्धक उपाय: आधी काहीतरी खायला पाठवावं.'

ग्रंथपालाला पुस्तकाचा आधार मिळाला की त्याला वाटतं, आता जग आटोक्यात आलं. कृतिकानं शुक्रवारी सकाळीच बारा वेलची केळी भिंतीपलीकडं पाठवली. तासाभरात बारा वेलची केळी परत आली. तीच नव्हेत, तुस्कानोंच्या झाडाची. वहीत पाहिलं, 'परस्परता: जेवढं मिळेल तेवढंच द्यावं. जास्त दिलं तर उपकार होतो, कमी दिलं तर अपमान.' म्हणजे सगळं रीतसर चाललं होतं. हुरूप येऊन तिनं खलिता लिहिला आणि खुराड्याखाली दहा फूट खणण्याची परवानगी मागितली. खाली सही केली, कृतिका नरहरी राऊत.

दुपारी उत्तर आलं. सादर अभिवादन वगैरे होऊन त्यात लिहिलं होतं की, सदर खलिता कृतिका राऊत नावाच्या व्यक्तीकडून आला असून त्या व्यक्तीचं अधिकारपत्र तुस्कानो वाडीस प्राप्त नाही. तुस्कानो वाडीचा पत्रव्यवहार श्री. नरहरी राऊत यांच्याशी आहे. त्यांच्या पदात काही बदल झाल्याचं राऊत वाडीनं आजवर कळवलेलं नाही. आणि परमोच्च आदर.

कृतिकाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तीस पावलांवरून या माणसानं घरातलं रडणं ऐकलं होतं. फाटकातून तिरडी निघालेली पाहिली होती. वर हे! तिनं निषेधखलिता लिहायला घेतला: भिंतीलगतच्या काळ्या फडक्यामुळं कावळे फिरकत नाहीत, आणि त्यामुळं दहाव्याच्या... इथं पेन थांबलं. कुणाच्या दहाव्याच्या, ते लिहिणं आलं. तिनं ते खोडलं आणि 'एका धार्मिक कार्यात व्यत्यय आला' एवढंच लिहिलं. फडकं तात्काळ काढावं, अशी मागणी केली. परमोच्च आदराचं वाक्य गाळावं असं फार वाटलं, पण वहीत स्पष्ट बजावलं होतं, 'ग्वाही कधीही गाळू नये. गाळल्यास युद्ध समजतात.' म्हणून दात-ओठ खात आदरही लिहिला.

शनिवारी देवेंद्र स्वतःहून उगवला. त्याच्या मते या पत्रापत्रीत पानवेल मरणार होती, आणि राऊतांच्याच हद्दीतून वळसा घालून पाइप नेता येत होता. त्यानं भिंतीलगत कुदळ घातली. तिसऱ्या घावाला पाण्याचं कारंजं कमरेइतकं उडालं. क्षणभर कृतिकाला आनंदच झाला. मग पलीकडून ऑस्करचा पंप घरघरत बंद पडल्याचं ऐकू आलं. राऊतांचा पाइप जसा तुस्कानोंच्या हद्दीतून जात होता, तसाच तुस्कानोंचा राऊतांच्या हद्दीतून जात होता. पणजोबांनी हे मुद्दाम केलं होतं की आळसानं, याची नोंद नाही.

आता दोन्ही वाड्या कोरड्या होत्या. वहीत याचंही नाव होतं: 'समतोल.' अर्थ असा दिला होता, 'दोघांचं सारखंच वाईट झालं की आपोआप साधतो.'

रविवारी मिस्सा सुटल्यावर इनेझ आली. खलिता या वेळी डब्यात पडला नाही. तिनं तो पदराआडून काढून हातात दिला आणि ती मनोरमाबाईंजवळ स्वयंपाकघरात जाऊन बसली. दोघी आपापल्या घरच्या बोलीत बोलत. दोन्ही बोली वेगळ्या होत्या आणि दोघींचं त्यामुळं काही अडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

खलिता लहान होता. 'सदर कापड बुजगावणं नव्हे. राऊत वाडीनं आपल्या दप्तरातील खलिता क्रमांक दोनशे चौदा पाहावा.'

कृतिकानं फाइल उघडली. दोनशे चौदावा बाबांच्या हातचा होता. दोन वर्षांपूर्वी, हृदयाच्या ऑपरेशनहून घरी आल्यावर चौथ्या दिवशी लिहिलेला.

'राऊत वाडी तुस्कानो वाडीस सादर अभिवादन करते आणि सुचवण्याचा मान घेते की, दोन्ही वाड्यांच्या प्रमुखांपैकी जो आधी जाईल, त्याच्यासाठी दुसऱ्या वाडीनं ध्वज अर्ध्यावर उतरवावा. घरच्यांनी लेखी कळवल्यावरच समाचाराला यावं. तोपर्यंत तोंडी बातमीवर विश्वास ठेवू नये. गावात लोक काहीही बोलतात.'

खाली ऑस्करच्या अक्षरात एकच शब्द होता, 'मान्य'.

ती फाइल घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. ऑस्करकाका काय करतायत, असं तिनं इनेझला विचारलं.

"काय करणार, बाय." इनेझनं कप खाली ठेवला. "रोज सकाळी लग्नातला सूट घालून ओटीवर बसतो. घामाघूम होतो. दर तासाला जाऊन तो डबा उघडतो, बघतो, बंद करतो. मी म्हटलं, अरे, मी स्वतः बघून आले. तर म्हणतो, मला कळवलेलं नाही."

 मनोरमाबाईंनी चहात पाणी वाढवलं.

कृतिका बाबांच्या टेबलापाशी बसली. गेल्या महिन्याभरात 'बाबा गेले' हे तिनं फोनवर साठेक लोकांना सांगितलं होतं, तेही आवाज न कापता; लोक तिचं कौतुक करत होते. फॉर्मांवर 'मयत' लिहून झालं होतं. हे तर तिसऱ्याच कुणाच्यातरी भाषेत लिहायचं होतं, म्हणजे सोपं असायला हवं होतं. 'राऊत वाडी तुस्कानो वाडीस सादर अभिवादन करते आणि कळवण्याचा मान घेते की...' आणि ती अडली. मान कसला? तिनं वही उघडली. बाबांनी तिथंही तिला वाऱ्यावर सोडलं नव्हतं. 'दुःखद वृत्तात मान घेऊ नये. कर्तव्य समजते, असं लिहावं.'

'... कळवणं आपलं कर्तव्य समजते की, राऊत वाडीचे प्रमुख श्री. नरहरी राऊत यांचं निधन झालं.' पुढं ग्वाहीची ओळ होती. ती लिहिताना शाई पसरली. तिनं नवा कागद घेतला. तिसऱ्या कागदावर शाई जागेवर राहिली. मग तिनं खणातून बाबांचा शिक्का काढून उमटवला. त्याच्यावर केळीचं पान होतं.

डब्यात न टाकता ती रस्त्यानं वळसा घालून तुस्कानोंच्या फाटकातून आत गेली. ऑस्कर ओटीवर बसला होता. काळा सूट, काळे बूट, गळ्याला टाय. घाम आता पुसण्याच्याही पलीकडं गेला होता. त्यानं उभं राहून दोन्ही हातांनी कागद घेतला, चष्मा लावला, अभिवादनापासून शिक्क्यापर्यंत सावकाश वाचला आणि घडी घालून छातीवरच्या खिशात ठेवला. मग अकरा वर्षांत राऊतांच्या कुणाशी बोलला नव्हता, तो बोलला.

"कधी?"

"शुक्रवारी," कृतिका म्हणाली. "पहाटे. पंप लावायला उठले होते."

ऑस्करनं बावखलाकडं पाहिलं. "आपल्याच वारी गेला," तो म्हणाला. "शिस्तीचा माणूस."

आणि मग त्यानं खुर्ची पुढं केली, आणि कृतिकानं त्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं: पंपाचा आवाज कसा आला नाही, आईनं हाक कशी मारली, पायात एकच चप्पल कशी होती. ही एकच चप्पल तिनं साठांतल्या कुणालाही सांगितली नव्हती. तो पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा ऐकत होता. आणि रीतीप्रमाणं पाहिलं तर पहिल्यांदाच ऐकत होता.

मग तो तिच्याबरोबर समाचाराला आला. मनोरमाबाईंनी चहा ठेवला आणि मध्यस्थाच्या मर्यादा ओलांडून अकरा वर्षांत पहिल्यांदा मत दिलं.

"दोन म्हातारे, आणि तीनशे कागद. एकदा या ओट्यावर येऊन बसला असतास तर?"

ऑस्करनं कपाकडं पाहिलं. "बसलो असतो, वहिनी," तो म्हणाला, "तर मग लिहिलं काय असतं?"

 मनोरमाबाईंनी त्याच्या बशीत एक तुस्कानोंचंच केळं ठेवलं.

वातावरण बरं पाहून कृतिकानं खुराड्याचा विषय काढला. ऑस्करनं दुखावल्यासारखं तिच्याकडं पाहिलं. आज रविवार होता.

सोमवारी देवेंद्रनं दोन्ही पाइप जोडले. दोन तास लागले; हे त्यानं तिला चारदा ऐकवलं. खाली बसलेली पानवेल बुधवारपर्यंत मान वर करू लागली. ऑस्करनं फडकं सोडलं, बांबू राहू दिला. फडकं सुटल्यावर अर्ध्या तासात त्याच्या शेंड्यावर एक कावळा येऊन बसला आणि राऊतांच्या ओट्याकडं मान वाकडी करून बघू लागला. "आता सुचलं होय रे," असं म्हणत मनोरमाबाई आत गेल्या आणि दहीभात घेऊन आल्या.

कौस्तुभचा फोन आला, वाडीचं काय ठरतंय. कृतिका म्हणाली, यथास्थिती. त्याला वाटलं, हा काहीतरी कायद्याचा मुद्दा आहे. त्यानं विषय सोडला.

गुरुवारी डब्यात पाकीट होतं. 'तुस्कानो वाडी राऊत वाडीस सादर अभिवादन करते आणि कळवण्याचा मान घेते की, कृतिका राऊत यांची नियुक्ती तुस्कानो वाडीस मान्य आहे. कोंबड्या पूर्ववत अंडी देत आहेत. तथापि राऊत वाडीच्या फणसाची एक फांदी...' पुढं दोन पानं फांदी होती.

कृतिकाची रजा शुक्रवारी संपत होती. तिनं ती आठ दिवसांनी वाढवण्याचा अर्ज भरायला घेतला. नाव, पद, दिनांक झाले. 'कारण' या रकान्याशी ती जरा थांबली. आजारपण नव्हतं, आणि दुःखाची रजा नियमाप्रमाणं कधीच संपली होती. मग तिनं तिथं सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पत्रव्यवहार'.